जुन्या मोटारीची ठिणगी

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. परंतु खाजगी मालकांनीं जिवापाड जपलेल्या पद्मिनी आणि त्यांच्या वडीलधाऱ्या फियाट अकराशें गाड्या आजहि कित्येक घरांच्या आवारांत उभ्या आहेत. या मालकांपुढें एक प्रश्न हटकून येतो : ठिणगी पाडण्याचें काम जुन्या पॉइंटांकडेच ठेवावें, कीं तें काढून इलेक्ट्रॉनिक योजना बसवावी? मिस्त्री एक सांगतो, शेजारी दुसरें सांगतो. रात्रीं घाटांत, मुलेंमाणसें बरोबर असतांना, गाडी बंद पडली म्हणजे ज्याला निस्तरावें लागतें, त्यानेंच हा निर्णय समजून घेऊन करावा हें बरें.

जुनी योजना अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांची. त्यांच्या डेल्को कंपनीनें ती कॅडिलॅकच्या १९१० च्या मोटारींसाठीं पुरविली; आपल्याकडील मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणतात, त्यांत तेंच नांव आहे. बॅटरीचा १२ व्होल्टांचा प्रवाह कॉईलच्या पहिल्या वेटोळ्यांतून वाहत असतो. डिस्ट्रिब्युटरमधील धातूच्या दोन टिकल्या, म्हणजेच पॉइंट, एकमेकांपासून दूर झाल्या कीं तो एकदम तुटतो. आणि त्या तुटण्यामुळेंच दुसऱ्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन प्लगाच्या टोकाशीं ठिणगी पडते. ही ठिणगी टिकल्यांमध्येंच वायां जाऊं नये म्हणून शेजारीं कंडेन्सर असतो. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असलें, तर ही उघडझाप सेकंदाला १०० वेळां होते.

इतकें राबणाऱ्या वस्तूची झीज व्हावयाचीच. टिकल्यांवर खड्डे पडतात, कॅमवर घासणारी टाच झिजून फट कमी होते, ठिणगी उशिरां पडूं लागते. मग गाडीची ओढ मंदावते, इंजिन तापतें, पेट्रोल अधिक जळतें. म्हणून कांहीं हजार किलोमीटरांनंतर फट मोजून टायमिंग पुन्हां जुळविणें भाग पडतें. ही फट बहुतेक गाड्यांत अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असते. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांत पाहावा. मात्र पॉइंटांच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते बहुधा सूचना देऊन आजारी पडतात : सकाळीं गाडी सुरूं व्हावयास वेळ लागतो, चढावर ती धापा टाकते. वाटेंत हटून बसलेच, तर बारीक पॉलिश कागद, पेचकस आणि फीलर गेज एवढ्या सामग्रीवर घरीं येतां येतें. या घराण्यांतला दगाबाज तो कंडेन्सर. तो अवचित जातो.

इलेक्ट्रॉनिक योजनेंत टिकल्यांच्या जागीं बहुधा चुंबकाची एक कडी आणि तिची चाहूल घेणारा सेन्सर असतो. प्रवाह ट्रान्झिस्टर तोडतो. घासणारें कांहीं नाहीं, त्यामुळें टायमिंग सहसा ढळत नाहीं. क्रायस्लर कंपनीनें १९७३ पासून अमेरिकेंतील आपल्या सर्व मोटारींना अशीच बिनपॉइंटांची योजना दिली, ती उगीच नव्हे. हिनें इंजिनाची शक्ति वाढते, असें विक्रेते सांगतात. तें मला मान्य नाहीं. नीट लावलेल्या पॉइंटांशीं तुलना केली, तर अशा साध्या इंजिनांत फरक फारसा जाणवत नाहीं. जाणवतो तो हेळसांड केलेल्या पॉइंटांशीं तुलना केल्यावर.

शिवाय ही योजना बिघडली म्हणजे एकाएकी बिघडते, आणि रस्त्यावर तिची दुरुस्ती होत नाहीं. तिचे शत्रुहि ठराविक आहेत. बॅटरीचीं टोकें उलट जोडणें. इंजिन बंद असतां किल्ली चालू ठेवणें. न जुळणारा कॉईल. कांहीं जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोक सांगाड्याला जोडलेलें असतें. त्यांना निराळा संच लागतो. प्लगांच्या तारा साध्या तांब्याच्या असतील, तर त्यांचा उपद्रव सेन्सरला होऊं शकतो. मोटारींतल्या रेडिओंत जी खरखर ऐकूं येते, तिचें मूळहि पुष्कळदां तेंच!

आमचें मत विचाराल, तर जी गाडी शहरांत वरचेवर चालते आणि जिला जाणता मिस्त्री मिळत नाहीं, तिला इलेक्ट्रॉनिक योजना खुशाल बसवावी. जी प्रदर्शनासाठीं मूळ स्वरूपांत राखावयाची आहे, किंवा जिचा मालक स्वतः फट लावूं शकतो, तिचे पॉइंट काढण्याचें कारण नाहीं. दोहोंपैकीं कांहींहि करण्यापूर्वीं डिस्ट्रिब्युटरचा दांडा हातानें हलवून पाहावा. तो डुलत असेल, तर पॉइंटांची फट कधींच स्थिर राहणार नाहीं. आधीं त्याचे बुश बदलावे. आणि नवी योजना घेतलीत, तरी जुनी पॉइंटांची प्लेट फट लावून, कंडेन्सरसह, डिकींत ठेवा; ती परत कशी बसवावयाची, हें प्रवासाला निघण्यापूर्वीं एकदां दिवसाउजेडीं घरच्या आवारांत करून पाहा.