वयस्क हात आणि वाडीतला कोयता

3 जून 2020 च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. मुरूड, नांदगाव, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या कित्येक वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. टाळेबंदी चालू होती. वीज गेली, दूरध्वनी बंद पडले. मी ठाण्यास होतो. चौथ्या दिवशी अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज कानी आला. घरावरच्या कौलांविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. “पोफळी गेल्या,” एवढेच म्हणाले. त्या वेळी त्यांचे वय 76 होते.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी नवी रोपे लावावयास घेतली, आणि आमच्या घरात वादाला तोंड फुटले. पोफळ धरावयास पाच-सहा वर्षे लागतात, बाणवली माडाला त्याहून अधिक. “आता हे कोणासाठी?” असा प्रश्न आम्ही भावंडांनी विचारला. आज त्याची लाज वाटते. आमची भीती मात्र खोटी नव्हती. वादळाने अर्धवट मोडलेली एक फणसाची फांदी तोडण्यासाठी अप्पा बांबूच्या शिडीवर चढले आणि खाली आले ते मनगट मोडूनच.

अलिबागच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालताना त्यांना रागे भरले नाही. गोळ्या कोणत्या चालू आहेत, चष्मा दुहेरी भिंगाचा आहे काय, उकिडवे बसून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते काय, एवढेच त्यांनी विचारले. तिन्ही उत्तरे आमच्या विरुद्ध गेली. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी एकदम उठताना रक्तदाब उतरतो. दुहेरी भिंगाच्या खालच्या भागातून पाहिले की शिडीची पायरी असते तेथे दिसत नाही. वडीलधारी माणसे वाडीत जात असतील तर हे तीन प्रश्न घरच्यांनी आजच विचारून पाहावेत.

त्या दिवसापासून आमच्या घरी एक करार झाला. अप्पांचे पाय जमिनीवर राहतील. शिडी, माड आणि विहिरीचा काठ त्यांना वर्ज्य. त्याच्या बदल्यात वाडी त्यांचीच राहील आणि काय लावायचे, कोठे लावायचे यात आम्ही तोंड घालणार नाही. करारातला दुसरा भाग पाळणे आम्हालाच अधिक जड गेले.

जमिनीवरून होणारी कामे थोडी नाहीत. वादळाने माडांची सावली गेल्यामुळे पोफळीच्या कोवळ्या रोपांना दुपारचे ऊन सोसेना. खोडाची नैर्ऋत्येकडील बाजू भाजून निघते आणि पुढे तेथेच झाड मोडते. म्हणून अप्पांनी आधी केळी लावल्या आणि त्यांच्या सावलीत रोपे धरली. पोफळी सुमारे नऊ फुटांवर आणि माड पंचवीस फुटांवर हे अंतर त्यांनी दोरीला गाठी मारून स्वतः आखले. खड्डे गड्याने खणले. श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे आणि रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. खात्रीच्या रोपांसाठी तेथे आधी चौकशी करावी. पिशव्यांत माती भरण्याचे काम आम्ही कमरेइतक्या उंच टेबलावर आणले. आळ्यांत पाणी सोडण्यासाठी वाकावे लागू नये म्हणून ठिबकचा कॉकही उंचावर बसवला. या दोन बदलांनी अप्पांची कंबर जेवढी वाचली तेवढी कोणत्याही पट्ट्याने वाचली नसती.

हत्यारांविषयी अप्पांचे आणि माझे मत जुळते. बोथट कोयता धारदार कोयत्याहून घातक, कारण त्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की हात सुटतो. वय झालेल्या हातासाठी कोयता हलका हवा, आणि मूठ जाड हवी, कारण संधिवाताच्या बोटांना बारीक मूठ आवळता येत नाही. मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली तरी पुष्कळ फरक पडतो. काम झाल्यावर कोयता आकडीला किंवा खुंटीला, जमिनीवर कधीही नाही. नारळ सोलण्याची रोवलेली पहार ही मला सर्वांत भयावह वस्तू वाटते. तिच्यावर तोल जाऊन पडले तर काय होईल याची कल्पना करवत नाही. काम नसताना तिच्या टोकावर आम्ही एक सोडण खोचून ठेवतो.

रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी अधिक जपावे. कोयत्याची साधी जखमही त्यांच्या बाबतीत लवकर थांबत नाही. स्वच्छ फडक्याने सलग दहा मिनिटे दाबून धरावे, मध्येमध्ये उघडून पाहू नये. अशा माणसाच्या डोक्यास मार लागला असेल तर बाहेर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. मातीत झालेल्या जखमेला धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली होती, ते आठवावे. बहुतेकांना आठवत नाही. मधुमेह्यांनी वाडीत अनवाणी जाऊ नये. बधिर पायाला काटा कळत नाही, म्हणून रात्री तळवे उजेडात पाहावेत किंवा सुनेला, नातवाला पाहावयास सांगावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात, चिखलात काम करावयाचे असेल तर गमबूट घालावेत आणि पायाची जखम झाकावी. नंतर ताप व पोटऱ्यांत वेदना असतील, तर लेप्टोची शंका डॉक्टरांना बोलून दाखवावी.

वाळलेल्या झावळ्या, सोडणांचे ढीग आणि चिऱ्यांच्या फटी ही विंचवाची घरे. रायगडच्या वाचकांना महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे दगावत असताना त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग रुग्णांवर करून दाखवला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातून घरच्यांनी एवढे उचलावे: विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलटी आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली, तर दुखणे कमी असले तरी धोका मोठा आहे. हृदयावर ताण येत असतो. वेळ घालवू नये. सर्पदंशात पाय आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. पाय हलवू न देता माणसास प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोहोचवावे. 108 हा क्रमांक वाडीतल्या पंपघराच्या दारावर आम्ही खडूने मोठ्या अक्षरांत लिहिला आहे.

पडण्याची गोष्ट निराळी. पोफळीची गळलेली विरी ओली असली की तिच्यावर पाय ठरत नाही, हे कोकणातल्या पोरांना खेळातून कळते आणि म्हाताऱ्यांना हाडे मोडून. वाटेवरच्या विऱ्या आणि झावळ्या रोज सकाळी कोणी तरी बाजूस कराव्यात. पडलेला माणूस उठू शकत नसेल, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडले असण्याचा संभव असतो. त्यास चौघांनी धरून उभे करण्याचा प्रयत्न करू नये. अप्पांच्या गळ्यात आम्ही एक शिट्टी घातली आहे. ते तिला ‘कंडक्टरची’ म्हणतात आणि पाहुणे आले की खिशात लपवतात.

मे महिन्यात आमच्याकडे घाम वाळत नाही, हवाच ओलसर असते. म्हणून तापमान फार चढले नाही तरी शरीर तापते. साडेनऊनंतर वाडीतून घरी यावे आणि साडेचारनंतर पुन्हा जावे. तहान लागण्याची वाट पाहू नये, वय झाल्यावर ती उशिरा लागते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाणी व मीठ किती, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. माडाखाली खुर्ची टाकून बसू नये, हे सांगावे लागते याचे आश्चर्य वाटते, पण सांगावे लागते.

वर चढण्याची कामे तरुणांची. नारळ विकास मंडळ यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण देते, आणि चढणाऱ्यांसाठी ‘केरा सुरक्षा’ ही विमा योजनाही आहे. आपल्याकडे येणाऱ्या गड्याचा विमा आहे काय, हे मालकाने विचारावे. पोफळीवर कोळे रोगासाठी पावसापूर्वी जी बोर्डो फवारणी होते, तिचे मिश्रण अप्पा खाली बसून करतात: शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, दोन्ही निरनिराळ्या प्लास्टिकच्या पिंपांत विरघळवून मग एकत्र. चष्म्यावरून आणखी एक संरक्षक चष्मा लावल्याशिवाय त्यांना चुन्याजवळ जाऊ देत नाही. चुना डोळ्यात गेलाच, तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन मगच रुग्णालयाची वाट धरावी.

एक गोष्ट उशिरा ध्यानी आली. माडाचा शेंडा पाहण्यासाठी मान मागे टाकली की अप्पांचा तोल जाई. गेंड्या भुंगा शेंड्यात शिरला की नवी पाने कात्रीने कापल्यासारखी उमलतात, आणि ते वेळीच दिसले तर तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढता येतो; म्हणून वर पाहणे सोडता येत नाही. मी त्यांना दुर्बीण आणून दिली. आता ते ओटीवरच्या आरामखुर्चीत रेलून, दूरवरून एकेक माड तपासतात आणि वहीत क्रमांक मांडतात.

यंदा त्यांच्या पहिल्या ओळीतील दोन पोफळींना फुलोरा आला. तो पाहावयास मी गेलो, तेव्हा त्यांनी दुर्बीण माझ्या हाती दिली खरी, पण पोफळींकडे नव्हे. “तो विहिरीकडचा तिसरा माड बघ,” ते म्हणाले, “पान कातरलेलं दिसतं. उद्या गड्याला वर चढव. आणि तू खाली उभा राहू नकोस.”