जुन्या मोटारगाडीतील ब्लूटूथ जोडणी

जुन्या मोटारगाडीतील ब्लूटूथ जोडणी म्हणजे ज्या गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले यांसारखी प्रणाली नाही, परंतु मूळ ब्लूटूथ संच बसवलेला आहे, अशा गाडीशी भ्रमणध्वनी बिनतारी पद्धतीने जोडण्याची क्रिया होय. या जोडणीमुळे फोन हातात न घेता संभाषण करता येते. संचात सोय असल्यास फोनमधील संगीतही गाडीच्या स्पीकरवर ऐकता येते. जोडणी न झाल्यास संच बिघडला असा समज होतो. परंतु अनेकदा खरे कारण जुन्या जोडणीची शिल्लक राहिलेली नोंद किंवा संचाची मूळ मर्यादा हे असते.

पार्श्वभूमी

ब्लूटूथचा विकास स्वीडनमधील एरिक्सन या कंपनीत १९९४ मध्ये सुरू झाला. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या कंपन्यांनी त्याच्या प्रमाणीकरणासाठी एकत्र येऊन गट स्थापन केला. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड याच्या उपनामावरून या तंत्रज्ञानास नाव मिळाले. मोटारगाड्यांत ब्लूटूथ प्रथम मुख्यतः संभाषणासाठी आले; संगीताची सोय अनेक गाड्यांत नंतर झाली. फोर्ड कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने २००७ मध्ये आणलेली ‘सिंक’ ही प्रणाली या काळातील प्रसिद्ध उदाहरण आहे.

कार्यपद्धती

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील रेडिओ लहरी वापरते. मूळ पद्धतीत या पट्ट्याचे ७९ उपमार्ग केलेले असून, व्यत्यय टाळण्यासाठी दोन्ही उपकरणे सेकंदाला १,६०० वेळा उपमार्ग बदलतात. नव्या फोनमध्येही ही मूळ पद्धत कायम ठेवलेली असल्याने केवळ आवृत्तीतील फरकामुळे जोडणी अडत नाही.

प्रत्येक कामासाठी ‘प्रोफाइल’ नावाची स्वतंत्र नियमावली असते. संभाषणासाठी एचएफपी, संगीतासाठी ए२डीपी, गाणे पुढे-मागे करण्यासाठी एव्हीआरसीपी आणि संपर्कयादीसाठी पीबीएपी ही प्रोफाइल वापरली जातात. जे प्रोफाइल दोन्ही उपकरणांत असेल, तेवढेच काम होते. त्यामुळे केवळ एचएफपी असलेल्या गाडीत संभाषण उत्तम होते, पण गाणे वाजत नाही. फोन बदलूनही ही उणीव दूर होत नाही.

जोडणीची रीत

१. गाडी थांबवून हँडब्रेक लावावा. अनेक संच गाडी चालू असताना नवी जोडणी स्वीकारत नाहीत.
२. संचाच्या फोन किंवा सेटिंग विभागातून नवा फोन जोडण्याचा पर्याय निवडावा. पडदा नसलेल्या गाड्यांत सुकाणूचक्रावरील फोनचे चिन्ह असलेले बटण दाबून ध्वनिसूचनांप्रमाणे जावे लागते.
३. फोनमधील ब्लूटूथचे पान उघडे ठेवावे. बहुतेक नवे फोन हे पान उघडे असतानाच इतर उपकरणांना दिसतात.
४. यादीत गाडीचे नाव दिसताच ते निवडावे. २००७ मधील २.१ आवृत्तीपूर्वीच्या संचांत सांकेतिक क्रमांक टाकावा लागतो. तो बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. त्यानंतरच्या संचांत दोन्ही पडद्यांवर दिसणारा सहा अंकी क्रमांक सारखाच आहे, एवढी खात्री करून संमती द्यावी.
५. संपर्कयादी वापरण्याची परवानगी फोन विचारतो. ती देणे ऐच्छिक आहे.

नेहमीच्या अडचणी

पहिल्या जोडणीच्या वेळी दोन्ही उपकरणे एक गुप्त किल्ली साठवतात व पुढे तिच्या आधारे एकमेकांना ओळखतात. फोन पूर्ववत केल्यास किंवा एका बाजूची नोंद पुसल्यास किल्ल्या जुळत नाहीत आणि जोडणी वारंवार तुटते. अशा वेळी दोन्हीकडील नोंदी पुसून जोडणी नव्याने करावी. संचाची स्मृती मोजक्याच फोनांपुरती असते. ती भरल्यास जुना फोन काढून टाकावा लागतो.

जोडणी होऊनही संगीत ऐकू येत नसल्यास संचाचा स्रोत ब्लूटूथवर आहे का, आणि फोन व गाडी या दोहोंचा आवाज पुरेसा आहे का, हे तपासावे.

पर्याय

संगीताचे प्रोफाइल नसलेल्या गाडीत ३.५ मिलिमीटरची ऑक्स खाच असल्यास तीत लहान ब्लूटूथ ग्राहक बसवता येतो. खाच नसल्यास १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम प्रक्षेपक वापरतात. मात्र शहरात मोकळी वारंवारता मिळणे कठीण असल्याने त्यात खरखर येऊ शकते.

सुरक्षितता आणि खासगीपणा

भारतात मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातात धरलेले संपर्क-उपकरण वापरणे धोकादायक वाहनचालनात मोडते. ब्लूटूथमुळे हात मोकळे राहतात. चित्त मात्र संभाषणात गुंततेच. म्हणून लांबणारे बोलणे गाडी थांबवूनच करणे हितावह असते.

संपर्कयादीची परवानगी दिल्यास नावे, क्रमांक व अलीकडील कॉलच्या नोंदी गाडीच्या स्मृतीत उतरू शकतात. केवळ फोनमधून गाडीचे नाव काढल्याने त्या पुसल्या जातीलच असे नाही. गाडी विकताना किंवा भाड्याची गाडी परत करताना संचातील आपल्या फोनची नोंद काढावी आणि संच मूळ स्थितीत आणावा; अन्यथा आप्तेष्टांचे क्रमांक अनोळखी व्यक्तीच्या हाती जाण्याचा संभव असतो.