लाला-अश्मरी

लाळ निर्माण करणाऱ्या ग्रंथीत अथवा ती लाळ मुखात आणून सोडणाऱ्या वाहिनीत कॅल्शियमाची लवणे साचून जो खडा तयार होतो, त्यास लाला-अश्मरी म्हणतात. ‘अश्मरी’ ही संज्ञा आयुर्वेदातून आली असून सुश्रुतसंहितेत ती मूत्रमार्गातील खड्यासाठी योजिलेली आहे. मूतखडा व लाला-अश्मरी यांचा परस्परांशी सहसा संबंध नसतो. बहुतेक लाला-अश्मरी १० मिमी.पेक्षा लहान असतात, १५ मिमी.पेक्षा मोठ्या अश्मरीस सामान्यतः महाकाय अश्मरी समजतात. काही सेंमी. लांबीच्या अश्मरींचीही नोंद झालेली आहे.

उत्पत्ती : मोठ्या लाला ग्रंथींच्या अनुकर्ण (कानापुढील), अधोहनू (जबड्याखालील) व अधोजिव्हा (जिभेखालील) अशा तीन जोड्या असतात. सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक अश्मरी अधोहनू ग्रंथीत वा तिच्या वाहिनीत आढळतात. या ग्रंथीची लाळ अधिक दाट व क्षारधर्मी असून तीत कॅल्शियमाचे प्रमाण जास्त असते. तिची वाहिनी सुमारे ५ सेंमी. लांब असून मुखतळाच्या स्नायूच्या मागील कडेला वळसा घालून वर चढते व जिभेखाली अरुंद छिद्राने उघडते. इंग्रज वैद्य टॉमस व्हॉर्टन यांनी १६५६ मध्ये वर्णन केल्यामुळे तिला व्हॉर्टन वाहिनी म्हणतात. लाळ साकळून राहिली की श्लेष्म्याच्या व पेशींच्या कणांभोवती मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटाचे थर बसत जातात. ही वाढ फार मंद असल्याने महाकाय अश्मरी बनण्यास अनेक वर्षे लागतात.

लक्षणे : जेवताना, विशेषतः आंबट पदार्थ खाताना, जबड्याखाली सूज येऊन ठणका लागणे व जेवणानंतर तासा-दोन तासांत ती ओसरणे, हे प्रमुख लक्षण होय. जंतुसंक्रामण झाल्यास ताप येतो आणि वाहिनीच्या मुखातून पू येतो. याउलट मोठी अश्मरी पुष्कळदा दीर्घकाळ मूक राहते. वाहिनी तिच्याभोवती हळूहळू फुगते व लाळ बाजूने वाहत राहते. त्यामुळे रुग्णास केवळ जिभेखाली टणक गाठ जाणवते.

निदान : महाराष्ट्रात जबड्याखालील सूज दाढेची, गालगुंडाची किंवा गंडमाळेची (लसीका ग्रंथींच्या क्षयाची) समजली जाण्याचा संभव असतो. जेवणाशी असलेला तिचा संबंध विचारल्यास हा गोंधळ बराचसा टळतो. तंबाखू वा गुटखा खाणाऱ्या व्यक्तीच्या मुखतळावरील टणक गाठ मात्र कर्करोगाची नाही, याची खात्री करून घेणे अगत्याचे असते. रुग्ण बहुधा प्रथम दंतवैद्याकडे जातो. पुण्यासारख्या शहरात ससून सर्वोपचार रुग्णालय (स्थापना १८६७) व त्याच्याशी संलग्न बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय (१९४६) यांसारख्या संस्थांतील कान-नाक-घसा विभागांत, तसेच दंत महाविद्यालयांच्या मुखशल्यचिकित्सा विभागांत अशा विकारांची तपासणी होते.

एका हाताचे बोट मुखात व दुसरा हात जबड्याखाली ठेवून चाचपल्यास वाहिनीतील मोठी अश्मरी सहसा हाताला लागते. दातांमध्ये पट्टिका धरून घेतलेल्या मुखतळाच्या क्ष-किरण चित्रात अधोहनू ग्रंथीच्या बहुतेक अश्मरी दिसतात. अनुकर्ण ग्रंथीच्या अश्मरी त्यामानाने अधिक वेळा दिसत नाहीत. श्राव्यातीत ध्वनीची (सोनोग्राफी) तपासणी सोपी व निर्धोक असते. अश्मरींची संख्या व नेमके स्थान ठरविण्यास सीटी स्कॅन उपयोगी पडतो. वाहिनीत क्ष-किरणरोधी द्रव्य भरून चित्र घेण्याची जुनी पद्धत तीव्र जंतुसंक्रामण असताना वर्ज्य असते.

उपचार : लहान अश्मरी भरपूर पाणी, लाळ सुटेल असे आंबट पदार्थ, शेक व ग्रंथीचे मर्दन यांनी आपोआप बाहेर पडू शकते. जंतुसंक्रामणावर प्रतिजैव औषधे देतात. महाकाय अश्मरी या उपायांनी पडत नाही. ती काढावीच लागते. पूर्वी अश्मरी ग्रंथीत वा तिच्या लगत असल्यास अश्मरीसह संपूर्ण ग्रंथीच काढून टाकण्याचा प्रघात होता. दीर्घकाळ अडलेली ग्रंथी पुन्हा कार्यक्षम होत नाही, हे त्यामागील गृहीत होते. अडथळा दूर झाल्यावर अशा ग्रंथी पुष्कळदा पुन्हा लाळ स्रवू लागतात, असे आता दिसून आले आहे. त्यामुळे केवळ आकारावरून ग्रंथी निकामी ठरवीत नाहीत. अश्मरीचे स्थान व ती हाताला लागते की नाही, यांवर शस्त्रक्रियेची निवड अवलंबून असते.

हाताला लागणारी अश्मरी मुखातून छेद घेऊन काढतात. वाहिनीच्या पुढील भागातील अश्मरीच्या बाबतीत ती मागे सरकू नये म्हणून तिच्या मागे तात्पुरता टाका घेतात. मागील भागात जिव्हा तंत्रिका वाहिनीखालून जात असल्याने ती प्रथम ओळखून जपावी लागते. तिला इजा झाल्यास जिभेची संवेदना व चव मंदावते. तंबाखू-सुपारीमुळे श्लेष्मकलेखाली तंतुमयता येऊन तोंड पुरेसे उघडत नसल्यास ही शस्त्रक्रिया कठीण होते.

१९९० च्या दशकापासून सूक्ष्म दुर्बिणीने वाहिनीत पाहून अश्मरी काढण्याची पद्धत रूढ झाली. सुमारे ४ मिमी.पर्यंतची अश्मरी तारेच्या जाळीत पकडता येते. त्याहून मोठी लेसर किरणांनी फोडावी लागते किंवा दुर्बिणीच्या साहाय्याने छेद घेऊन काढावी लागते. ग्रंथीत खोलवर रुतलेली अश्मरी, वारंवार होणारे जंतुसंक्रामण किंवा निकामी झालेली ग्रंथी असल्यासच ग्रंथीचे उच्छेदन करतात. त्यासाठी जबड्याच्या कडेपासून सुमारे दोन बोटे खाली छेद घेतात, कारण कडेलगत आनन तंत्रिकेची खालचा ओठ हलविणारी शाखा असते.

ग्रंथी राखल्यास काही रुग्णांत अश्मरी पुन्हा होऊ शकते. म्हणून पुरेसे पाणी पिणे, मुखाची स्वच्छता राखणे आणि जेवताना पुन्हा सूज आल्यास विनाविलंब तपासणी करून घेणे आवश्यक असते.