पारनेरचे सेनापती

पॅरिस हा परागंदा बंडखोरांचा जुना आसरा. १८३०-३१ मध्ये पोलंड आणि लिथुएनियातला उठाव रशियाने चिरडला, तेव्हा देशोधडीला लागलेले किती तरी सेनानी आणि कवी याच शहरात येऊन राहिले. पुढे पाऊणशे वर्षांनी तिथे पारनेरचा एक तरुण दाखल झाला: पांडुरंग महादेव बापट, जन्म १२ नोव्हेंबर १८८०.

खरं तर ते १९०४ मध्ये एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले होते. पण इंग्रजी राज्यावर जाहीर टीका केली आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचं इंडिया हाउस, सावरकरांचा सहवास आणि पॅरिसमध्ये हेमचंद्र दासांच्या जोडीने रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बविद्येचे धडे. ती विद्या सांगणारी पुस्तिका १९०८ मध्ये हिंदुस्थानात पोचली. त्याच वर्षी अलीपूरचा खटला उभा राहिला, माफीच्या साक्षीदाराने मायदेशी परतलेल्या बापटांचं नाव घेतलं आणि ते भूमिगत झाले. आपल्याच देशात परागंदा! १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले, पण पुराव्याअभावी सुटले.

सुटल्यावर गडी पारनेरला परतला आणि त्याने हातात झाडू घेतला. विलायतेहून आलेला, उच्चवर्णीय माणूस सकाळी गावचे रस्ते झाडतो, शौचकूप साफ करतो, हे तेव्हाच्या पारनेरला बॉम्बपेक्षा कमी स्फोटक वाटलं नसेल. १९१४ मध्ये मुलगा झाला, तर बारशाची पहिली पंगत बापटांनी दलितांची बसवली.

‘सेनापती’ ही पदवी मात्र पॅरिसने दिली नाही, मुळशीने दिली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मुळा-निळा संगमावर धरण बांधायला घेतलं. मावळातली भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. कंपनीने काही काळ काम थांबवलं. पण जमिनीच्या मोबदल्याची बोली सुरू झाल्यावर पुण्यातले बरेचसे सावकार-जमीनदार राजी झाले. कसणारा मावळा एकटा पडला. बापट वारंवार तुरुंगात गेले. १९२४ च्या अखेरीस त्यांनी रुळांवर दगड रचून कंपनीची गाडी अडवली आणि शस्त्र घेऊन समोर उभे राहिले. सात वर्षांची शिक्षा झाली. गांधींच्या चौकटीत न मावणारा हा सत्याग्रह होता, आणि बापटांना त्याची खंत नव्हती. धरण झालंच.

पुढचं आयुष्यही चळवळीतच गेलं. १९३९ मध्ये सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकची महाराष्ट्राची धुरा, त्यानंतर गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र. सत्तरी ओलांडलेला माणूस मोर्चाच्या पुढे असायचा. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले.

आपल्याकडे त्यांचं क्रांतिकारकपण आवडीने सांगितलं जातं, मुळशी मात्र दोन ओळींत उरकतात. माझ्या मते त्यांची खरी थोरवी तिथेच आहे. मोठ्या धरणाविरुद्ध विस्थापितांनी दिलेल्या जगातल्या सुरुवातीच्या संघटित लढ्यांत मुळशीची गणना होते. आणि मुंबईत सेनापती बापट मार्ग जातो तो लोअर परळ-दादरच्या त्याच गिरणपट्ट्यातून, ज्याच्या यंत्रांसाठी मुळशी बुडाली.