अर्ध्या किमतीची परतफेड

तोक्योच्या निशिकासाई भागात आम्ही नुकतेच राहायला गेलो होतो. मुलगा तापाने फणफणला, मला भाषा येईना. शेजारच्या आजीबाई आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या, दोन तास बसून राहिल्या. उपकार फेडावेत म्हणून मी त्यांना चांदीचा करंडा नेऊन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाकून आभार मानले आणि न उघडताच बाजूला ठेवला. मी हिरमुसले. देणाऱ्यासमोर भेट उघडणं तिथे उतावळेपणाचं समजतात, हे मला कुठे ठाऊक होतं!

आठवड्याने आजीबाई खरबुजाची पेटी घेऊन दारात हजर. त्या पेटीची किंमत मी नंतर दुकानात पाहिली आणि खजील झाले. पेन्शनवर राहणारी बाई ती!

जपानमध्ये भेटीला उलट भेट द्यावी लागते. तिला ‘ओकाएशी’ म्हणतात. साधारण निम्म्या किमतीची परतफेड करावी, असा संकेत आहे. म्हणजे आपण जितकं भारी देऊ, तितकं ओझं समोरच्यावर. उन्हाळ्यात ‘ओचूगेन’ आणि वर्षअखेरीस ‘ओसेइबो’ अशा भेटी पाठवायची रीत आहे. त्यात खाण्याचे जिन्नस, साबण असलं घरात संपून जाणारं काही असतं. तरुण मंडळींत ही रीत आता ओसरत चालली आहे.

पैशांच्या पाकिटाचंही शास्त्र आहे. लग्नात कोऱ्या करकरीत नोटा द्यायच्या, रक्कम विषम आकड्यात. मित्राच्या लग्नात 30,000 येन देतात, कारण सम आकड्याचे दोन सारखे भाग पडतात. आपण एकशे एक रुपये देतो, तेव्हा हे फार परकं वाटत नाही. मयताच्या घरी मात्र कोऱ्या नोटा नेत नाहीत. मृत्यूची वाट पाहत तयारी करून ठेवली होती, असं दिसू नये म्हणून.

चांदीचा धडा घेतल्यावर मला आपली जुनी रीत आठवली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, ही. दिवाळीत बेसनाचे लाडू डब्यात भरले. चार भरले होते, पण जपानीत चारचा एक उच्चार ‘शी’, आणि मृत्यूलाही ‘शी’च म्हणतात. पाचवा घातला. दोन दिवसांनी डबा परत आला, आत संत्र्यासारखी छोटी ‘मिकान’ होती. मोजली, पाचच.