एसीतून कुबट वास येतोय?

परवा अंबाजोगाईत मामांकडे एसी लावला, तर खोलीभर ओल्या गोणपाटाचा वास. झाकण उघडून बॅटरी मारली. ब्लोअरच्या पात्यांवर काळे ठिपके. बुरशी!

आपला बीड जिल्हा कोरडा, इथं कुठली बुरशी? पण गार कॉईलवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं. त्यावर धूळ बसली की झालं. आणि धुळीला आपल्याकडे काय तोटा!

मी दर 15 दिवसांनी जाळी धुऊन सावलीत वाळवतो. बंद करण्याआधी 20 मिनिटं नुसता फॅन मोड, म्हणजे कॉईल सुकते. निचऱ्याची नळीही बघतो.

ब्लोअर काळा पडला असेल तर मात्र मेकॅनिकच बोलवा. अत्तर फवारून भागत नाही (मामांनी तेच केलं होतं).

काही अडलं तर बिनधास्त विचारा.