आठ लाखांचा 'गरीब', अडीच लाखांचा 'सुखवस्तू'!

वाकोल्यातून कलिन्याचे विद्यापीठ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरीही बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे आईबाप उत्पन्नाचा दाखला घेऊन येतात आणि विचारतात, "वकीलसाहेब, पोराला शिष्यवृत्ती बसेल का?"

उदाहरण घ्या. बाप वॉचमन, महिना चौदा हजार. आई धुणीभांडी करते, सात हजार. वर्षाचे झाले २ लाख ५२ हजार. केंद्राने २०२१ मध्ये सुधारलेल्या अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख! दोन हजारांसाठी कुटुंब बाद. महाराष्ट्रात फ्रीशिपमुळे फी माफ होते; पण भत्ता जातो. मग पुस्तके, प्रवास आणि पोटाला कोणी घालायचे?

आता दुसरी फूटपट्टी पाहा. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने 'आर्थिक दुर्बल' म्हणून दहा टक्के आरक्षण आले. मर्यादा आठ लाख, म्हणजे महिना सुमारे ६६ हजार! केंद्राच्या निकषानुसार हजार चौरस फुटांहून लहान फ्लॅट असला तरी माणूस दुर्बलच. आमचा गरीब मात्र त्यातून वगळलेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी हे वैध ठरविले. पुढे २०२५ च्या अर्थसंकल्पात मध्यमवर्गाच्या नावाने नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले. एकाच देशात गरिबीची मापे किती?

अमेरिकेत प्यू संशोधन केंद्र मधल्या उत्पन्नाच्या दोन तृतीयांश ते दुप्पट कमावणाऱ्यांना मध्यमवर्ग मानते. २०२२ साठी तिघांच्या कुटुंबाला ते ५६,६०० ते १,६९,८०० डॉलर होते. काळा असो वा गोरा, फूटपट्टी एकच. पण त्याच वर्षीच्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यम संपत्ती काळ्या कुटुंबाच्या सहापटीहून अधिक निघाली. म्हणजे पगार आला म्हणून पिढ्यांची वंचना फिटत नाही.

हे इथे सांगायचे कारण आहे. १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालात सातपैकी चार न्यायमूर्तींनी अनुसूचित जातींनाही क्रिमीलेअर लावण्याची भाषा केली. ज्यांना २१ हजारांचा वॉचमन सुखवस्तू वाटतो, त्यांच्या हाती ही फूटपट्टी द्यायची काय?

आमची मागणी साधी आहे. शिष्यवृत्तीची मर्यादाही आठ लाख करा. पुढच्या प्रवेशांपूर्वी प्रत्येक बुद्धविहारातून समाजकल्याण खात्याकडे तसे निवेदन गेले पाहिजे. अर्ज आम्ही लिहून देऊ. सह्या मात्र समाजाने करायच्या आहेत.